पर्वतीपर्यंत न बसता

धायरी, पुणे
१२ डिसेंबर २००१

तीर्थस्वरूप तात्याराव यांस नागोरावाचा साष्टांग नमस्कार. थंडीत तुमच्या खोकल्याने पुन्हा डोकं वर काढलं असेलच, तरी आता बिडी सोडा (हे तुमच्या बहिणीने लिहायला लावलं, माझं विचाराल तर या वयात सोडून करणार काय?). इकडे मी आणि गोदा खुशाल आहोत.

आता मुख्य बातमी. मी पास झालो! आमचे चिरंजीव सुदर्शन संगणकाच्या कंपनीत दिवसभर खुर्चीत बसतात आणि घरी येऊन मला चालण्याचं महत्त्व सांगतात. माझा उजवा गुडघा बदलायचा असं त्यांच्या डोक्यात बसलं आहे, जणू तो स्कूटरचा टायर. शेवटी भांडणातून पैज लागली. शनिवारवाड्यापासून पर्वतीच्या माथ्यापर्यंत कुठेही न बसता चाललो, तर ऑपरेशन रद्द आणि मी घरी वाशिमला जायला मोकळा. बसलो, तर दवाखान्यात भरती. साक्षीला गोदा. (छत्तीस वर्षं मी परीक्षेत पोरांवर पहारा केला, आणि माझ्यावर पहारा सातवी पासचा!)

रविवारी सकाळी निघालो. शनिवारवाडा बाहेरूनच पाहिला, पेशव्यांनी आत बोलावलं नाही. दगडूशेठ गणपतीला मी रस्त्यावरूनच हात जोडले, पण तुमच्या बहिणीने शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर फतकल मारली. म्हणाली, दर्शन घेऊन तसंच निघू नये, घटकाभर टेकावं, आमच्या माहेरची रीत आहे. आणि देवापाशी टेकणं हे बसण्यात धरत नाहीत. पहारेकरीच असं म्हणतो म्हटल्यावर मीही टेकलो. मग काय विचारता! वाशिमला वर्षातून एकदा बालाजीला जाणारी ही बाई, तिच्या भक्तीला उधाणच आलं. तुळशीबागेतला राम झाला. सदाशिव पेठेत तर उपाशी विठोबा, चिमण्या गणपती, भिकारदास मारुती (इथे देवांनाही नावं ठेवल्याशिवाय राहत नाहीत), सगळ्यांपाशी टेकलो. एका बोळात शेंदूर फासलेला दगड दिसला, तिथेही टेकलो. वरच्या खिडकीतून आवाज आला, "तो देव नाही. दारात गाडी लावू नये म्हणून शेंदूर लावलाय." (तोवर पाच मिनिटं झाली होती, त्यामुळे आमचं काही नुकसान झालं नाही.)

सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपाशी एका गृहस्थांना विचारलं, पूर्वी इथे मोठं तळं होतं म्हणतात, ते कुठे गेलं? "तुम्ही त्यातच उभे आहात," म्हणाले आणि पेपरात तोंड खुपसलं. पण तात्याराव, देवळाभोवती अजून पाणी आहे, त्यात कमळं आहेत, वर कोवळं ऊन. फार बरं वाटलं हो. गणपती मोठा म्हणून अर्धा तास टेकलो. पुढे पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्या, आणि वाटेत देऊळ नाही! मला घाम फुटला. तर गोदाने पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढली. वीस पायऱ्या चढायच्या, एका पायरीला हळदकुंकू वाहायचं आणि टेकायचं. असे पाच वेळा टेकत वर पोचलो. वरून अख्खं पुणं पाहिलं आणि ठरवलं की गाव वाईट नाही, फक्त आता घरी जायचं.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा
नागोराव

ता. क. तुमच्यापासून काय लपवायचं? गुडघा दगडूशेठपाशीच बोंबलला होता. मी अवाक्षर काढलं नव्हतं, गोदाने कसं ओळखलं देव जाणे. सुदर्शनला आता संशय आला आहे, तो रविवारी तुम्हाला फोन करील. देवापाशी टेकायची रीत तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, असं ठणकावून सांगा. मामाचा शब्द तो मोडणार नाही.

ता. क. दादास गोदाचा नमस्कार. पाकीट मी चिकटवते आहे, म्हणून दोन ओळी. सुदर्शनला काय ते खरं सांग, आपल्याकडे असली रीत कुठली? पण भर रस्त्यात यांना हरलेलं मला बघवलं नसतं. पर्वती उतरताना यांनी माझा हात धरला. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पहिल्यांदाच. शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही, आणि एकदाही दुखतंय म्हणाले नाहीत. ऑपरेशन चार जानेवारीला आहे, तारीख मीच घेतली. तू तीनला ये. यांना अजून कोणी सांगितलेलं नाही, ते तू येऊन सांगायचं.