मोरीला पाजलेलं प्लॅटिनम

अण्णा,

नेवाशाच्या दुकानात तुम्ही मला एकदाच मोठ्यानं ओरडला होता, आणि त्या एका ओरडण्यावर माझी सगळी नोकरी निभावली, हे तुम्हाला नीट सांगायचं राहून गेलं. मी तेव्हा तिसरीत असेन. तुम्ही बांगडीला कानस मारत होता आणि खाली पडणारी सोन्याची धूळ मी बोटानं गोळा करत होते. कंटाळा आला तशी उठले आणि परसातल्या मोरीवर जाऊन हात धुतले. तुम्ही कानस टाकून मागोमाग आलात. "मोरीला सोनं पाजतीस व्हय गं?" तुमचा आवाज एवढा चढला होता, की आई पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून धावत आली. त्यानंतर मी कायम दुकानातल्या घमेल्यातच हात धुतले. त्या घमेल्याचा गाळ, झाडलेला केर, हात पुसायची फडकी, फाटकं बसकर, सगळं पत्र्याच्या डब्यात जायचं. वर्षाकाठी झारेकरी यायचा, तो केर विकत घेऊन नदीवर धुवायचा आणि त्यातलं सोनं काढायचा. मैत्रिणींच्या घरी केर सरळ उकिरड्यावर जातो हे पाहून मला ती माणसं भारीच उधळी वाटायची.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मला नगरच्या तणनाशकाच्या कारखान्यात केमिस्टची नोकरी लागली. पोरीला कारखान्यात कशाला धाडता, असं सगळे म्हणत होते. "पारख करायचं काम हाय, म्हंजी आपलंच हाय," एवढं बोलून तुम्ही विषय मिटवलात. आमच्याकडे कोळशाच्या काळ्या भुकटीवर प्लॅटिनम चढवलेलं असे. तणनाशक बनवताना मधल्या एका पायरीला ते लागायचंच, पण ते स्वतः खर्च होत नसे. काम झालं की माल कापडातून गाळायचा आणि वर राहिलेली भुकटी पुढच्या खेपेला पुन्हा घालायची. प्रत्यक्षात माझ्या तपासणीत दर खेपेला धातू कमीच भरायचा. मॅनेजरसाहेबांनी एका वाक्यात निकाल लावला, की कामगार चोरतात. पाळी सुटली की फाटकावर झडती सुरू झाली.

आमच्या शेडचा मुकादम पारनेरकडचा, वयानं तुमच्याएवढा. एका संध्याकाळी फाटकावर त्याला सगळ्यांदेखत पटका सोडायला लावला. मी दोन पावलांवर उभी. सुटलेला पटका काखेत धरून तो तसाच बोडक्यानं निघून गेला. अण्णा, मला तुम्ही दिसलात. एक गिऱ्हाईक बाई आपल्या पाटल्या आटवताना भट्टीसमोर ठाण मांडून तुमच्या बोटांवर डोळे लावून बसली होती, आणि त्या दुपारी तुम्ही ताटावरून तसेच उठला होतात. "सोनाराची बोटं आधी चोराची, मग कारागिराची," असं आईला म्हणालात. मला फार संताप आला होता, तेव्हाही आणि फाटकावरही. धातू कुठे जातो ते शोधून काढायचं आणि या माणसांची झडती बंद करायची, एवढंच मग माझ्या डोक्यात राहिलं.

आणि आली खंडेनवमी. दुसऱ्या पाळीत यंत्रांची पूजा, म्हणून सकाळपासून शेड धुणं चाललंय. मुकादम हौसेनं रबरी नळी घेऊन उभा आहे. गाळणीची कापडं दगडावर आपटून धुतली जातायत, फरशी खराट्यानं घासली जातेय. एरवीही ही माणसं रोज असंच धुवायची, आज सणाचं म्हणून जरा जास्त. "बाई, या, बगा, शेड आरशावानी केलंय!" मुकादम म्हणतो. मी खाली बघते तर गटाराकडे काळंभोर पाणी चाललेलं. माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाला, "मोरीला प्लॅटिनम पाजताय व्हय?" मी पळत जाऊन गोणपाटाचा बोळा गटाराच्या तोंडात कोंबला. कापडांतली भुकटीच रोज गटारात जातेय, हा उलगडा झाल्यावर मुकादम कपाळावर हात मारून हसायला लागला. "म्हंजी चोर आमीच, अन् आमालाच ठावं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला घरी आले, तुमच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवलं आणि समोर कारखान्यातून डब्यात घालून आणलेलं काळं, ओलं फडकं. तुम्ही ते बोटांत चोळलंत, उजेडात धरलंत. "तुज्या धातूला तेज न्हाई," म्हणालात, पण डोळे चमकले होते. मग आपण दोघं माजघरात जेवण निवेपर्यंत बोलत बसलो. फडकी मंद जाळायची, फुंकायचं नाही, राख उडाली की धातू उडाला, हे तुमचं. आधी उन्हात खडखडीत वाळवायची, हेही तुमचंच, पण ते मी मानलं नाही. आमची भुकटी वाळली की आपली आपणच पेट घेते. "सोनं पेटल्यालं म्या कदी ऐकलं न्हाई," म्हणत तुम्ही हसलात, आणि निघताना सोन्याचे कण झाडायचा तुमचा बारका ब्रश मला दिलात.

आम्ही गटारापुढे गाळ बसायला हौद बांधला. नळी बंद, ओल्या फडक्यानं पुसायचं, हात हौदातच धुवायचे. कापडं, हातमोजे, फडकी ओलीच पिंपात साठवली, बंद भट्टीत मंद जाळली आणि राख मुंबईला धातू काढायला पाठवली. मला खात्री होती, आणि ती खरी ठरली. हरवलेला बहुतेक धातू राखेतून परत आला. मी निकालाचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि झडती आजच थांबवा म्हटलं. थांबली. मुकादम फाटकातून बाहेर पडताना माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, आता पटका घरी गेल्यावरच सुटंल." तुम्ही असायला हवे होतात तिथं.

तुम्ही गेल्यावर दुकान आवरलं, तेव्हा झारेकरी आला होता. मी त्याला रिकाम्या हातानं लावून दिलं. तुमच्या शेवटच्या वर्षाचा केर त्याच पत्र्याच्या डब्यात माझ्या कपाटात आहे. इतकी वर्षं मी लोकांना कण न् कण धुऊन काढायला शिकवलं. हा डबा धुवायला मला अर्धा दिवसही लागणार नाही. पण त्यात तुमच्या विडीची राख आहे, बसकराचे धागे आहेत, पुसलेल्या हातांचा मळ आहे, आणि धुतलं तर नुसतं सोनं उरेल. हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून त्याच डब्यावर ठेवतेय. डबा मी धुणार नाही, अण्णा.