सोजरआत्याचा माज

प्रिय सोजरआत्या,

काल मी डॉक्टर झाले. सुई टोचणारी नव्हे, शेळ्यांच्या मेंदूवर प्रबंध लिहिणारी. रिठदच्या पारावर कोणी विचारलं की बबनरावाच्या पोरीने एवढी वर्षं नागपुरात काय केलं, तर खुशाल सांग, तिथेही शेळ्याच राखल्या.

परीक्षकांनी पहिलाच प्रश्न केला, हा विषय सुचला कुठून? मी तुझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं: "भेदरलेली, उपाशी शेळी माजावर येत नाही पोरी. तिले आंधी पोटभर खाऊ दे, निवांत राहू दे." मला वाटलं, हसतील. त्यांनी ते परत म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं.

तू म्हणायचीस तेच निघालं गं. शेळी गाभण राहणार की नाही, याची सुरुवात मेंदूत होते. उपासमार आणि धास्ती असली की मेंदू पुढचा हुकूमच सोडत नाही. जीन तेच राहतात, पण त्यांच्यावर खुणा बसतात, कोणता चालू, कोणता बंद अशा. माझ्या शेळ्यांना चारा आणि शांतता मिळाली तेव्हा त्यातल्या बऱ्याच खुणा पुसल्या गेल्या. दोन-तीन शेळ्या सोडल्या तर सगळ्या माजावर आल्या. खोट शेळीत नव्हतीच.

सासरी तू दुसरी भाकर मागितलीस, तेव्हा सासू म्हणाली होती, "माज आला हिले." दिवसभर राबून, धाकात, अर्ध्या पोटी राहून तुझी पाळी बंद पडली, आणि सहा वर्षांनी त्यांनी तुला वांझ म्हणून परत धाडलं. आपल्या घरी वर्षभर नीट जेवलीस आणि पाळी परत आली. हे तू मला एकटीला सांगितलंस, तेही शेळ्यांकडे बघत, जणू चोरीच केली होतीस. मला तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही. प्रबंध त्याच रागाने पुरा केला.

आता खरं काम. मला सातवा लागलाय आणि रविवारी घरी माझी ओटी भरायची आहे. अशा दिवशी तू सकाळीच शेळ्या घेऊन माळावर निघून जातेस, ठाऊक आहे मला. या वेळी शेळ्या लखीरामकाकांकडे दे. पहिली ओटी तू भरायची, नाहीतर मी पाटावर बसणार नाही. आणि कोणी कुजबुजलं, सोजरले माज आला काय, तर मान वर करून म्हण, "हो, आला."

तुझीच, तुझ्या शेळ्यांमागे वाढलेली
डॉ. वैष्णवी