पहिल्या होडीचा मान

३ मार्च
आजपासून रोज चार ओळी लिहायच्या. लवकरच लढाई होणार आणि त्या धामधुमीत आपण कसे शांत डोक्यानं वागलो, हे म्हातारपणी वाचायला हवं.
दुसरा संकल्प : बैठकीत तोंड उघडायचं नाही. माहिती मंत्र्यानं कमी बोलावं.

४ मार्च
बैठक. साहेबांनी सांगितलं, नदीपलीकडचं बंदर मुळात आपल्या राष्ट्राचं. सगळ्यांना एकदम आठवलं. फक्त संरक्षण मंत्री जनरल दुरैदला आठवायला वेळ लागला. म्हणाला, "बंदर आपलंच, साहेब. पण त्यांच्या तोफा काठावर आहेत आणि आपल्याकडे धड होड्या नाहीत."
साहेब पिस्ते फोडत होते, ते थांबले. त्यांचा सावत्र भाऊ सफवान, म्हणजे आमचा गुप्त पोलिसांचा प्रमुख, छताकडे बघू लागला. शांतता मला सोसत नाही. बोलून गेलो, "तोफा कसल्या, साहेब! आपली पहिली होडी दिसली की लोक गुलाबपाणी घेऊन काठावर धावतील."
साहेब हसले. पिस्त्यांची वाटी माझ्याकडे सरकवली. दुरैदकडे नाही!
संकल्प उद्यापासून.

९ मार्च
वाटीची बातमी गावभर झाली आहे. मंत्रालयात शिपाई आता मी जिन्यात असतानाच उभे राहतात. बायकोला, इब्तिसामला सांगितलं तर म्हणाली, "त्या वाटीतले पिस्ते आजवर ज्यांनी खाल्ले, त्यातले जिवंत किती ते आठवून बघा." बायकांना राजकारण कळत नाही. (आठवून बघितलं. सफवान आहे की.)

११ मार्च
वाईट प्रकार. सकाळच्या बातम्यांत कुतैबा 'साहेबांच्या आदेशानुसार'च्या जागी 'साहेबांच्या आजारानुसार' वाचून गेला. सफवानच्या माणसांनी त्याला स्टुडिओच्या दारात धरलं आणि पिस्तुलाच्या दस्त्यानं पुढचे सगळे दात पाडले. माझ्या खात्याच्या आवारात! मला न विचारता! तडक सफवानकडे गेलो. तो म्हणाला, "चुकलंच, भाऊ. पुढच्या वेळी दात कुणाचे पाडायचे ते तुलाच विचारू."
माफी मागितली म्हणजे वचक आहे.

१४ मार्च
बागेत साहेबांबरोबर फेरी. एकटा मी! दुरैदचा विषय त्यांनीच काढला. मी फक्त एवढंच म्हणालो, की त्याची सासू नदीपलीकडच्या गावची. खोटं काही नाही. ती कधीच वारली, हे सांगायचं राहून गेलं. तेवढ्यात कारंजं सुरू झालं.

१७ मार्च, दुपार
साहेबांकडे जेवण. नदीतला मासा, निखाऱ्यावर भाजलेला. दुरैद माझ्या समोरच बसलेला. साहेबांनी अगदी मायेनं विचारलं, "बंदर कधी घेऊन देतोस?"
दुरैद म्हणाला, "पोरं फुकट मरतील, साहेब. वर्षभर थांबू या."
साहेबांनी हात पुसले. उठले. त्याच्या खुर्चीमागे जाऊन खांद्यावर हात ठेवला. "दमलास रे तू," म्हणाले, आणि डोक्यात मागून गोळी घातली. दुरैद ताटावर पडला. माझ्या बाहीवर, भाकरीवर, सगळीकडे रक्त. सफवान लिंबू पिळत होता, पिळत राहिला.
साहेबांनी मला विचारलं, "मासा कसा झालाय?"
म्हणालो, "उत्कृष्ट."
सगळा खाल्ला. घरी येऊन ओकलो. बहुधा शिळा असावा.

१८ मार्च
ऑफिसला गेलो नाही. दुरैद आमच्या मुलाच्या, घस्सानच्या लग्नात पहाटेपर्यंत नाचला होता. गुडघे दुखत असताना. सासूचं मी सांगितलं नसतं तरी हे झालंच असतं. इब्तिसामला तसं म्हणालो. माझा शर्ट तिनं धुतला नाही, जाळला.

२० मार्च
मात्र संरक्षण खातं रिकामं आहे, हे नाकारून चालणार नाही. गणवेश शिवायला टाकला. मिशी वाढवतोय, साहेबांपेक्षा जराशी बारीकच ठेवायची.

२२ मार्च
सफवान घरी आला! खजूर खाल्ले, घस्सानच्या बाळाला मांडीवर घेतलं. म्हणाला, "तुझी ती पहिल्या होडीची गोष्ट साहेबांच्या डोक्यातून जात नाही, भाऊ. मीही तुझं नाव लावून धरलंय." इतकी वर्षं मी या माणसाला उगाच घाबरत होतो. इब्तिसामच्या हातून चहाचा ट्रे पडला. तिला पाहुण्यांची सवय नाही.

२८ मार्च
नेमणूक झाली. संरक्षण खातं सफवानला. तात्पुरतं असणार. मला त्याहून मोठा मान : पहिली होडी. साहेबांनी दोन्ही गालांचे मुके घेतले. "गुलाबपाणी तुझ्याच अंगावर पडलं पाहिजे!"
मी सुचवलं, की लढाईच्या काळात माहिती खातं वाऱ्यावर सोडणं बरं नव्हे.
सफवान म्हणाला, "ते मी बघतो की."
काम वाटून घेणारे सहकारी मिळायला नशीब लागतं.

२ एप्रिल
निघालो. मी होडीच्या पुढच्या टोकावर उभा, हात हलवत. काठावर माणसं दिसली. मग धूर दिसला. पहिला गोळा पाण्यात. दुसरा आमच्यात. शेजारच्या पोराला मी नुकतीच सिगारेट दिली होती. त्याचा हात सिगारेटीसकट माझ्या मांडीवर आला, पोरगा नाही. बाकीचे ओरडत होते, मग ओरडत नव्हते. पाणी तोंडात गेलं, खारट लागलं. नदी तर गोड्या पाण्याची आहे.
पोहत आपल्या काठाला आलो. याला माघार म्हणता येणार नाही. पाहणी झाली.

३ एप्रिल, सकाळ
खंदकात सार्जंट मिक्दादचा रेडिओ. माझ्याच खात्याच्या बातम्या : माहिती मंत्री नौफल शत्रूच्या काठावर झेंडा रोवताना शहीद. साहेब टीव्हीवर ढसाढसा रडले. एका चौकाला माझं नाव. शब्द चांगले निवडले होते, फक्त वाचणारा घाई करत होता.
मिक्दाद कानाशी येऊन म्हणाला, "काका, तो गणवेश काढा. मेंढपाळाचा झगा देतो. वाळवंटाच्या बाजूला चालत सुटा, मागं बघू नका. साहेब तुमच्यासाठी रडलेत. आता तुम्ही जिवंत निघालात तर साहेब खोटे पडतील."
बिचाऱ्याला वरच्या वर्तुळातले संबंध काय ठाऊक! साधा गैरसमज, फोनवर मिटेल. लाइन जोडायला लावली. मंत्रालयातून फोन थेट सफवानकडे दिला. आनंदानं ओरडलाच तो, "भाऊ! जिवंत आहेस! कुणाकुणाला कळलंय?"
म्हटलं, फक्त इथल्या पोरांना.
म्हणाला, "जागचा हलू नकोस. गाडी पाठवतो."
फोन ठेवून वळलो तर खंदक रिकामा. मिक्दाद, पोरं, सगळी पळालेली. शिस्त म्हणून नाहीच. परत गेल्यावर साहेबांच्या कानावर घालतो.
लांब धूळ दिसतेय. दोन गाड्या पाठवल्यात! दाढी करून घेतो.