ब्राझीलचा स्ट्रायकर, मुक्काम वडसा

१२ ऑक्टोबर २०२५, वडसा

यंदाचं नाटक ठरलं — आणि मी ब्राझीलचा आहे!

श्रीहरीभाऊंनी सगळ्या मंडळींना कंपनीच्या खोलीवर बोलावलं होतं. मालकांनी स्वतः चहा सांगितला म्हणजे काहीतरी मोठं असणार, हे मी ओळखलंच. इस्तारी — आमचा लेखक तोच, प्रॉम्प्टर तोच — मोबाइल हातात घेऊन गोष्ट सांगायला लागला. ब्राझीलचा फुटबॉलवाला, स्ट्रायकर, नाव आन्सेल्मो. सतराव्या वर्षी देशाचा लाडका. मग घोटा गेला, मग मांडी, मग एक गुडघा, मग दुसरा. मैदानापेक्षा दवाखान्यातच जास्त राहिला बिचारा. मी विचारलं, असा माणूस खरंच आहे का? तर म्हणतो, "एवढा मोठा देश हाय धनराजभाऊ, एखादा असलच ना गा."

नाटकाचं नाव 'गुडघा फुटला, संसार तुटला'.

नाव ऐकून मी डावा पाय हळूच खुर्चीखाली ओढला. पण चेहरा हलू दिला नाही. झाडीपट्टीच्या नाटकात वीस वर्षं हिरो आहे, एवढं तर जमतं.

१३ ऑक्टोबर

इथे लिहायला हरकत नाही. माझं अक्षर रंजीतालाही लागत नाही, आणि बायकोला जे लागत नाही ते जगात कोणाला लागणार?

माझा डावा गुडघा गेला आहे. दोन वर्षांपूर्वी मारामारीच्या प्रवेशात भिंतीवरून उडी मारली — पंचेचाळिशीच्या माणसानं! — आणि आत काहीतरी कट् झालं. ब्रह्मपुरीच्या हाडांच्या डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन करा, मग वर्षभर स्टेज बंद. वर्षभर! दिवाळी ते होळी, तेवढाच तर आमचा हंगाम. आणि एक हंगाम हिरो दिसला नाही की पुढच्या हंगामात तो बाप होतो. बाप म्हणजे पांढरा विग, खोकला, आणि दुसऱ्या अंकात हार्ट अटॅक. अशा कितीतरी बापांना मी स्टेजवर अग्नी दिला आहे. पोस्टरवर त्यांचा फोटो केवढा येतो तेही मला माहीत आहे. तिकिटाच्या दरापेक्षा लहान.

तेव्हा कोणालाही कळता कामा नये. भूपेशला तर मुळीच नाही.

भूपेश आमचा व्हिलन. वय सव्वीस, दोन्ही गुडघे शाबूत, दात पांढरे. मी दिसलो की खुर्ची पुढे करतो. "काका, बसा नं." आवाज इतका गोड की मधमाशीला साखर होईल. मला खुर्चीत बसवायची एवढी घाई कशाला असते, ते न कळायला मी काय दूध पितो? मी उभाच राहतो. तो गेला की बसतो.

१८ ऑक्टोबर

तालीम. आमचा ब्राझील असा —

आन्सेल्मोची आई नऊवारीत. गळ्यात क्रूसही आणि मंगळसूत्रही. श्रीहरीभाऊ म्हणाले, मंगळसूत्र काढलं तर बाया म्हणतील विधवा आहे, मग तिसऱ्या अंकात नवरा येतो कुठून? हिरॉइन उर्वशी नागपूरची. तिनं फक्त एवढंच विचारलं, ब्राझीलमध्ये सासूच्या पाया पडतात का? इस्तारी म्हणाला, "पडाच. टाळी हाय त्याच्यात."

दुखापती चार, प्रत्येकीला एक गाणं. भूपेश अर्जेंटिनाचा डाकू.

पिवळी जर्सी कुठे मिळेना. शेवटी बियाण्यांच्या कंपनीनं शेतकऱ्यांना वाटलेला टीशर्ट मिळाला. पुढून साफ पिवळा, पाठीवर 'भरघोस धानाची हमी'. म्हणून मी पब्लिककडे पाठ करायची नाही. गोल मागे असला तरी!

आणि एक नशीब बघा. इस्तारी म्हणाला, "आन्सेल्मो पहिल्या प्रवेशापासूनच थोडा लंगडा ठेवू. लहानपणी आंब्याच्या झाडावरून पडला." मी मुद्दाम कुरकुर केली. म्हटलं, हिरो पहिल्यापासून लंगडा? पब्लिक काय म्हणेल? पण मनात लाडू फुटत होते. आता मला लपवायचंच नाही! चालीन तसं चालायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या. देव आहे, आणि त्याला नाटक कळतं.

२६ ऑक्टोबर, सिंदेवाहीजवळ

काल मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, पहिला प्रयोग. हाउसफुल्ल!

दुसऱ्या दुखापतीला बायकांच्या बाजूनं हुंदके. चौथीला एका म्हाताऱ्या बाईनं थेट स्टेजजवळ येऊन एरंडाची पानं दिली. "तेल लावून बांध रे बापू, रातच्याले." मी आन्सेल्मोच्याच आवाजात आभार मानले. मग माइकवरून तिच्या नावानं पुकारा — 'इंदिराबाई यांच्याकडून धनराज यांना लंगडण्याबद्दल बक्षीस.' असं बक्षीस आजवर कोणाला मिळालं असेल?

पानं बांधली आहेत. बरं वाटतंय.

२७ ऑक्टोबर

सुजलाय.

९ नोव्हेंबर

एका पेपरात आलं — 'धनराज यांचा लंगडण्याचा सूक्ष्म अभिनय.' त्या पत्रकाराला मी सांगितलं होतं की या भूमिकेसाठी तीन महिने मी लंगड्या माणसांचा अभ्यास केला. छापलंय, जसंच्या तसं! आता मला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलंय. कात्रण काढून ठेवलं.

रंजीताला दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अजी, घरी कोनता पडदा हाय? घरी तरी सरळ चाला." मी म्हटलं, भूमिकेत राहावं लागतं. "मोठे आले भूमिकेत राह्यनारे! मांगच्या वर्षी कोनत्या भूमिकेत होते? तवाबी तं असेच चालून राह्यले होते."

बायकांची स्मरणशक्ती हा एक वेगळाच विषय आहे.

२९ नोव्हेंबर, मूल

भूपेशचं वागणं वाढतच चाललंय. मारामारीत मी हात उचलायच्या आधीच तो आडवा! मला हाणायची संधीच देत नाही. काल मी नुसता नाक खाजवायला हात वर केला तर पठ्ठ्या तीन कोलांट्या खाऊन मेला. पब्लिकला वाटणार, हिरोत दम नाही, व्हिलनच आपणहून पडतो. मुद्दाम करतो. मी त्याला झापलं. "चुकलं काका," एवढंच म्हणाला आणि खुर्ची आणायला गेला.

४ डिसेंबर, माजरी

कोळसा खाणीच्या कॉलनीत प्रयोग. धुळीनं पिवळी जर्सी दुसऱ्या अंकापर्यंत काळी पडली, ब्राझील कुठला आहे ते कळेना.

स्टेजच्या पायऱ्या गायब! गेल्या आठवड्यापासून त्या जागी उतरती फळी लावतात. श्रीहरीभाऊंना विचारलं. म्हणाले, "सामान चढवाले सोपी जाते." सामान म्हणजे दोन खुर्च्या, एक पलंग आणि चर्चचा पडदा. वीस वर्षं पायऱ्यांवरून चढलं, आता सामानाला फळी हवी! पण फळी मलाही सोयीची आहे, म्हणून बोललो नाही.

२१ डिसेंबर

भिंतीचा आधार घेऊन आंघोळ केली. रंजीता दाराबाहेर उभी होती. तिनं टॉवेल दिला आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरला.

भीती वाटते. ती इथेच लिहितो. पाय जाईल याची नाही वाटत — पाय असाही गेलाच आहे. कोणीतरी येऊन म्हणेल, "धनराजभाऊ, यंदा तुम्ही बाप करा," याची वाटते. मला दुसरं काही येत नाही. शेती वाट्यानं दिली आहे, दहावीत दोनदा नापास झालो आहे. बाजारात माणसं हिरो म्हणून हाक मारतात, भाजीवाली दोन वांगी जास्त टाकते. ते गेलं तर मी कोण?

७ जानेवारी २०२६, अहेरी

पुढचा प्रयोग मुलचेऱ्याकडे, फाळणीनंतर येऊन वसलेल्या बंगाली लोकांच्या गावात. आमच्या जाहिरातीचा ऑटो तिकडे जाऊन आला. ड्रायव्हर सांगत होता, अर्ध्या गावावर ब्राझीलचे झेंडे, अर्ध्यावर अर्जेंटिनाचे. यंदा वर्ल्ड कप आहे ना! तिथली पोरं चालायला लागली की फुटबॉल खेळतात. आजवर आम्ही ज्यांच्यासमोर खेळलो त्यांना फुटबॉलमधलं आमच्याइतकंच कळत होतं. म्हणजे काहीच नाही.

इस्तारी दिवसभर मोबाइलवर फुटबॉलचे नियम वाचतोय.

१० जानेवारी, मुलचेरा, सरकारी दवाखाना

काल दुपारी गावची कमिटी आली. पाचजण. सगळे नम्र. त्यांनी ऐकलं होतं की शेवटच्या प्रवेशात आन्सेल्मो पेनल्टी मारतो, बॉल विंगेत जातो, तिकडे झांज वाजते आणि तो गोल धरायचा. त्यांना ते मंजूर नव्हतं. "दादा, ब्राझील है तो गोल दिखाओ." त्यांनी बांबूचा गोल आणला होता. जाळीसकट! आणि गोलकीपरही. गावचाच, उंच, हातमोजे घातलेला. मी विचारलं, हा बॉल सोडेल ना? कमिटीनं एकमेकांकडे पाहिलं. तो अर्जेंटिनावाला निघाला.

श्रीहरीभाऊ म्हणाले, हे जमणार नाही. कमिटी म्हणाली, मग पब्लिकचं आम्ही सांगू शकत नाही.

इतक्यात भूपेश पुढे झाला. "काका, पेनल्टी मी मारतो. आन्सेल्मोचा लहाना भाऊ दाखवू. इस्तारीभाऊ दोन वाक्यं घुसवतीन. तुमी बाजूले बसून रडा."

हाच तो डाव! अडीच महिने ज्याची वाट पाहत होता तो डाव! मी सगळ्यांसमोर ओरडलो — माझ्या नाटकात माझा गोल मीच मारणार, तुझी आई काय ब्राझीलला गेली होती का? उर्वशी म्हणाली, "भाऊ, असू द्या नं." तिच्यावरही ओरडलो. भूपेश लाल झाला. गेला तिथून. खुर्ची ठेवून गेला.

प्रयोग रंगला. चौथ्या दुखापतीपर्यंत सगळं ठीक. मग गोल आणला, कीपर उभा राहिला, आणि सगळं गाव उठून उभं! वीस वर्षांत असं पब्लिक पाहिलं नाही. मी बॉल ठेवला. आन्सेल्मोचं वाक्य म्हटलं, "माझा पाय मेला, पण माझा देश जिवंत आहे!" आणि डावा पाय रोवून उजव्यानं मारला.

डावा रोवला गेलाच नाही. गुडघा बाजूला निघाला. कसा ते लिहवत नाही.

बॉल कीपरनं एका हातानं धरला. अर्धं गाव नाचायला लागलं. मी पडून किंचाळत होतो, खरोखर, आईच्या नावानं, आणि उरलेलं अर्धं गाव रडत होतं. कोणीतरी ओरडलं — वन्समोअर!

मग भूपेश धावत आला. तो तिसऱ्या अंकात मेलेला आहे! छातीवर रक्त लावलेलं तसंच. मेलेल्या डाकूनं ब्राझीलच्या स्ट्रायकरला खांद्यावर घेतलं. विंगेतून इस्तारी गळा फोडून सांगत होता, "म्हण, मी भूत होऊन पापाचं प्रायश्चित्त घेतो! म्हण ना!" भूपेशनं म्हटलं की नाही, आठवत नाही. टाळ्या मात्र गाडीत टाकेपर्यंत ऐकू येत होत्या. खांद्यावरून पब्लिकला माझी पाठ दिसली असणार. भरघोस धानाची हमी.

आता सगळ्यांना कळणार. झालं.

१९ जानेवारी, ब्रह्मपुरी, दवाखाना

ऑपरेशन झालं. रंजीता डबा आणायला गेली तेव्हा भूपेश एकटाच बसला होता, संत्रं सोलत. म्हटलं, आता लपवून काय करायचं? सांगून टाकलं — गुडघा मुलचेऱ्यात नाही गेला, दोन वर्षांपूर्वीच गेला होता.

"मालूम हाय न काका. सगळ्याईलेच मालूम हाय. श्रीहरीभाऊ म्हने, यंदा हिरो तू कर, धनराजले बाप देऊ. मी नाई म्हनलो. मंग इस्तारीभाऊनं तुमच्यासाठी हा लंगडा ब्राझीलवाला काढला. असा मानूस कुठी नाई."

मला रडू आलं. त्याच्यासमोरच. तो संत्र्याच्या शिरा काढत राहिला. मग मी चिडूनच विचारलं, आता काय करणार? पुढच्या हंगामात मी उभा राहीन की नाही, डॉक्टर सांगत नाही.

"इस्तारीभाऊचं लिवनं सुरू हाय," तो म्हणाला. "आमदाराचं नाटक हाय. हिरो तिन्ही अंक खुर्चीवरून उठतच नाई."