टाकीच्या ओलीबाबत मामांना

तीर्थरूप मामांस,

सिमेंटने खरबरीत झालेल्या दोन्ही हातांनी नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मामीचा खोकला गेला का? माझं बरं चाललंय (म्हणजे नोकरी अजून आहे). गच्चीवरची नवी टाकी पाझरते, म्हणून तुम्ही मिस्त्रीकाकांवर सिमेंट खाल्ल्याचा आळ घेतलात आणि तीस वर्षं एका परांचीवर बसून भिंती बांधलेले तुम्ही दोघं आता एकमेकांचं तोंड बघत नाही, हे वाचून जीव कासावीस झाला. मामा, जरा दम धरा. मला त्याबद्दलच लिहायचंय, पण इथलं काम सांगितल्याशिवाय ते पटायचं नाही.

तुम्हाला वाटतं, प्रयोगशाळेत बसून भाचा भुकटी चाळतो. चाळतोच. पण ही भुकटी कुठे जाते ते ऐकाल तर हातातली थापी गळून पडेल. तेलाची विहीर कोसभर खोल, आणि रुंदी म्हणाल तर तोंडात घमेलं अडकावं. आत लोखंडी नळ. सिमेंटचा पातळ माल नळातून पार तळाला सोडायचा. तिथे तो वळतो आणि नळाच्या बाहेरून, खडकाला धरून वर चढतो. जाडी दोन बोटं! त्या दोन बोटांनी जमिनीच्या पोटातला वायू अडवायचा, आणि वर माणसं कामाला. खाली भट्टीची धग, तरी माल वाटेत थिजता कामा नये आणि जागेवर पोचला की थिजलाच पाहिजे. ओळंबा नाही, थापी नाही, झालेलं काम बघायला कुणी जाऊ शकत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सिमेंटच्या पोत्यावर बसलो होतो, तो उठून उभा राहिलो.

मंगळवारी बाईंनी (आमच्या प्रमुख, फार कमी बोलतात, त्यामुळे जास्त भीती वाटते) मला माल कालवायला दिला. पाणी ग्रॅमवर मोजलेलं. मला माल घट्ट वाटला. आता तुमच्या हाताखाली वाढलेला मी. घट्ट माल दिसला की हात आपोआप पाण्याकडे जातो. मारलं ओंजळभर. मग तो माल काचेच्या उंच नळीत भरून नळी तिरपी ठेवली. दोन तासांनी बघतो तर टोकाला नितळ पाणी साचलेलं, आणि काचेच्या वरच्या अंगाला तळापासून टोकापर्यंत केसाएवढी पाण्याची रेघ. सिमेंट तेच, हात तोच, फक्त ओंजळभर पाणी जास्त. बाईंनी बिनपाण्याने केली असती तर परवडलं असतं. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "या वाटेने अख्खी विहीर वर येते."

तेव्हापासून डोळे मिटले की ती रेघ दिसते, आणि तिच्या मागे तुमची टाकी. सिमेंटात खोट नसतानाही टाकी पाझरते, मामा. विज्ञानाने सिद्ध केलंय (म्हणजे मी, मंगळवारी). तेव्हा मिस्त्रीकाकांना बोल लावणं थांबवा. बाकी क्षेम.

तुमचा आज्ञाधारक (खालचं वाचेपर्यंत) भाचा

ता.क. टाकी ओतली त्या दिवशी तुम्ही दोघं चहाला खाली उतरलात, तेव्हा मला माल घट्ट वाटला. मी दोन बादल्या पाणी ओतलं. सिमेंट पुरेपूर पडलं होतं. पोती मीच फोडली. आज संध्याकाळीच मिस्त्रीकाकांच्या घरी जा आणि माफी मागा. मला द्यायच्या शिव्या तिथेच द्या, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल.

आणखी एक ता.क. (फक्त मामीसाठी, मोठ्याने वाचू नये.) मामी, त्यांना चष्मा सापडत नसणार, म्हणजे पत्र तूच वाचून दाखवते आहेस. दुसरी बादली तू भरून वर आणून दिलीस, हे मी कुठेही लिहिलेलं नाही. पण मामा आज गेले नाहीत, तर तेही लिहीन, आणि ते पत्र मिस्त्रीकाकांच्या पत्त्यावर टाकीन.