रुखमाबाईच्या खुर्च्या

चि. चंपतले मायचे लय लय आशीर्वाद.

सगळ्यात आधी आली ते शेजारची रुखमाबाई, डोक्यावर खुर्ची घेऊन. मीच मांगितली होती. तुही कुंदा बारावीत पहिल्या वर्गात आली, माहे तर पाय जमिनीवर ठरून नाही राहिले! अन् कॉलेजच्या शिष्यवृत्तीवाले दोन साहेब घर पाहाले येणार होते. मंग काय, रुखमाबाईच्या खुर्च्या, समोरच्या नानाजीचा रेडिओ, तुपातला शिरा.

साहेब शिरा खाऊन म्हणाले, "आजी, तुमचं तर छान चाललेलं दिसतं."

मी खुशीत म्हटलं, "हो जी, काहीच कमी नाही!"

कुंदानं कपाळाले हात लावला. ते गेल्यावर म्हणते कशी, "अवं आजी, नुसत्या मार्कांवर नाही भेटत शिष्यवृत्ती. घरची गरिबीही लागते. तेच पाहाले आले होते! आता माहं कॉलेज बुडालं."

आता सांग गा, पोरीची हुशारी ऐकून आलेल्या पाहुण्याइले मी फाटक्या बोऱ्यावर बसवावं काय? तहसीलीचा कमी कमाईचा दाखला दिला होता न, मंग घर कायले पाहाचं?

कुंदा धावत गेली, नाक्यावर गाठून त्याइले सारं खरं सांगून आली. साहेब हसले म्हणे, पुन्हा येतो म्हणाले.

हे पत्र मी टाकत नाही. तू तिकडं भिलाईत भट्टीपाशी राबतं, अन् तुही कमाई कमी हे आम्ही लोकाइले दाखवून राहिलो, हे वाचून तुले कसं वाटन?

खुर्च्या वापस केल्या. शिरा नाही करत. पण चहा पाजीनच, कुंदा कितीही डोळे वटारो. बुधवारी येतो म्हणाले.

तुही माय,
तुळसाबाई