पुस्तकांच्या दराने

१० जानेवारी २०११

क्विगलीने सकाळीच कागद चिकटवला. पुस्तकांच्या सवलतीच्या दराने जाणारं प्रत्येक पार्सल यापुढे उघडून बघायचं. आत फक्त पुस्तकं, वर ठळक अक्षरात दराचं नाव. चिठ्ठी सापडली तर पूर्ण दर, नाहीतर पार्सल परत. हा पोस्टमास्तर येऊन दोन महिने झालेत. मी या काउंटरमागे एकतीस वर्षं. पाय सुजलेत, गरम पाण्यात ठेवून लिहितेय.

१२ जानेवारी

सहा उघडली, सहा परत चिकटवली. एकात पुस्तकांखाली लोकरीचे मोजे निघाले.

१३ जानेवारी

आज ऑर्व्हिल हॅव्हरकँप आले. त्यांची नात रेन आईबरोबर ऑरेगनला असते. तिला दर महिन्याला पुस्तक पाठवतात. मी पार्सल उघडलं तर पुस्तकात घडी घातलेला कागद — पण वर नाव नातीचं नाही, जनेलचं. त्यांच्या मुलीचं.

म्हटलं, पूर्ण दर भरा, मग चिठ्ठी खुशाल घाला. ते नकारार्थी मान हलवत राहिले. मग हळूच म्हणाले, “साधं पार्सल ती दारातूनच परत पाठवते, मर्ना. त्यावर ‘पुस्तकं’ लिहिलेलं असलं तरच घेते. पोरीसाठी.”

मला माहीत नव्हतं असं नाही. त्यांची पत्रं ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन माझ्याच हातून परत येतात. तीन वर्षं झाली. फोनही ती उचलत नाही.

त्यांनी कागद काढून कोटाच्या खिशात ठेवला. मी शिक्का मारला.

१७ जानेवारी

सुट्टी. झोपून काढली.

२० जानेवारी

ऑर्व्हिल नुसतेच आले, तिकिटं घ्यायच्या निमित्ताने. दुसरं कोणी नव्हतं, तर बोलले. त्यांची बायको डोरिस आजारी पडली तेव्हा तिने त्यांच्याकडून वचन घेतलं — जनेलला कळवायचं नाही, पोटुशी आहे, एवढ्या लांबून धावत येईल. त्यांनी वचन पाळलं. जनेल आली ती दफनालाच. तेव्हापासून बापाशी बोलत नाही. आईनेच अडवलं होतं, एवढंच त्यांना तिला सांगायचं आहे. प्रत्येक पत्रात तेच असतं, आणि एकही उघडलं जात नाही.

तिकिटं दिली.

२१ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत नियमांचं जाडं बाड काढलं. सँडविच तसंच राहिलं. पुस्तकावर काय काय लिहिलेलं चालतं याची यादी आहे. साधी अर्पणपत्रिका चालते. छपाईच्या चुका दुरुस्त केलेल्या चालतात. आणि — मजकुरातल्या शब्दांकडे लक्ष वेधणाऱ्या खुणा चालतात!

तीनदा वाचलं.

२४ जानेवारी

ऑर्व्हिलना सांगितलं. आधी कळलंच नाही त्यांना. मग पेन्सिल मागितली.

२८ जानेवारी

रोज येतात. खिडकीजवळच्या टेबलाशी बसतात. पुस्तक एका बीव्हरचं आहे, नदीवर धरण बांधणाऱ्या प्राण्याचं. हवा तो शब्द सापडला की त्याखाली रेघ. ‘आई’ लगेच सापडली. ‘म्हणाली’, ‘सांगू’, ‘नको’ — एवढ्याला तीन दिवस लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचतोय. एरवी हे पेपरातल्या डुकरांच्या भावाखेरीज काही वाचत नसत.

घरी येऊन विचार करत बसले. जनेल पत्रं नाकारते, तो तिचा हक्क आहे. मी मागच्या दाराने कोणाला तरी तिच्या घरात घुसवतेय का? गुडघे दुखतात.

१ फेब्रुवारी

बर्फ. कोणी आलं नाही. तेही नाहीत.

३ फेब्रुवारी

शेवटचा शब्द मिळाला. बीव्हरचं पिल्लू एका जागी म्हणतं, “मी वाट चुकलो.” त्यातला ‘चुकलो’ तेवढा अधोरेखित केला. ‘वाट’ सोडून दिली.

पाकिटावर त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरात दराचं नाव घातलं, रेनचं नाव, पत्ता. कुठेही खाडाखोड नाही. मी शिक्का उचलला तेवढ्यात क्विगली मागून आला, म्हणाला, दाखवा बघू. पानं उलटली. त्याला कळायला वेळ लागला नाही — एवढा काही मठ्ठ नाही तो. “हे तर पत्रच झालं,” म्हणाला.

मी बाड उघडून ओळीवर बोट ठेवलं. त्याने वाचलं. “ओढूनताणून चाललंय तुमचं,” म्हणाला. ऑर्व्हिल टोपी हातात धरून उभे. क्विगली त्यांच्याकडे बघेना. शेवटी मलाच म्हणाला, “खुणा चालतात असं लिहिलंय ना? मग मारा शिक्का.” आणि आत निघून गेला.

मारला.

१४ फेब्रुवारी

गुलाबी पाकिटांचा ढीग. ऑर्व्हिल पोस्टातली आपली टपालपेटी उघडून बघून गेले. रिकामी.

२२ फेब्रुवारी

रिकामी. आता मलाच त्यांच्याकडे बघवत नाही. पुस्तक परत आलेलं नाही, एवढंच म्हणाले.

१ मार्च

सर्दी. रजा टाकली. क्विगलीने दुपारी फोन केला, कुठली तरी किल्ली सापडत नव्हती म्हणून. ठेवता ठेवता विचारलं त्याने, हॅव्हरकँपांना काही आलं का ते. नाही म्हटलं.

७ मार्च

सकाळच्या टपालात ऑरेगनचं कार्ड होतं. उघडं कार्ड. वाचायचं नसतं, मी वाचलं.

“बाबा, आईने मला तिच्या आजाराचं सगळं फोनवर सांगितलं होतं, तिला कळलं त्याच आठवड्यात. मी तुमच्या फोनची वाट बघत राहिले. तुम्ही बोलावलंत तरच यायचं, असं धरून बसले होते. चुकले ती मी. — जनेल.”

त्यांच्या पेटीत ठेवलं. दहाला येतात.